संगणकाची चूक, माणसाला शिक्षा



महिन्याची अखेर आहे. रात्रीचे नऊ वाजून गेले आहेत. कार्यालयातील बाकीचे दिवे केव्हाच मालवले गेले आहेत आणि एका मेजाशी एक लेखनिक पडद्याकडे टक लावून बसला आहे. पडद्यावर एक ओळ उमटली आहे : 'नोंद करता येत नाही.' त्याने तीच कळ पुन्हा दाबली, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा दाबली, तेव्हा ओळ नाहीशी झाली. लेखनिकाने सुटकेचा नि:श्वास टाकला, संगणक बंद केला आणि तो घरी गेला. ओळ का आली होती आणि का गेली, हे त्याने विचारले नाही. त्याला विचारण्याची सवय कोणी लावली नव्हती.

आज या सभागृहात बँकेत, विमा कंपनीत, कारखान्याच्या लेखा विभागात किंवा सहकारी पतपेढीत काम करणारी अनेक मंडळी बसलेली आहेत. बहुतेकांच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यात, बंगळुरूत अथवा परदेशात अशाच आज्ञावलींची देखभाल करीत असेल. म्हणजे पडद्याच्या अलीकडे बसणारेही आपणच आणि पलीकडे बसणारेही आपणच. म्हणूनच त्या एका ओळीचा, त्या 'एरर मेसेज'चा विचार दोन्ही बाजूंनी होणे आवश्यक आहे.

मोठ्या उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या लेखा-आज्ञावली अशा ओळींची प्रतवारी करीत असतात. जर्मनीत जन्मलेल्या आणि जगभर पसरलेल्या सॅप या प्रणालीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यात संदेशांचे सहा प्रकार मानले आहेत. काम झाले, हे सांगणारा एक. नुसती माहिती देणारा दुसरा. इशारा देणारा, पण पुढे जाऊ देणारा तिसरा. चूक दाखवून अडवणारा चौथा. चालू काम तेथेच सोडून देण्यास भाग पाडणारा पाचवा आणि ज्याच्यासरशी आज्ञावलीच कोसळते व मागे स्वत:च्या अवस्थेचा सविस्तर पंचनामा ठेवून जाते तो सहावा. सामान्य माणसाला शेवटच्या प्रकाराचे भय वाटते. वास्तविक तोच सर्वांत प्रामाणिक. तो काहीही लपवीत नाही. बंद झालेल्या महिन्यात नोंद करू न देणारा चौथा प्रकारही उपकारकच म्हटला पाहिजे, कारण तो चुकीच्या जागी पडणारे पाऊल अडवतो. खरे भय आहे ते सातव्या प्रकाराचे, जो कोणत्याच यादीत नसतो. आज्ञावली चुकते, पण बोलत नाही. आकडा बदलतो, पण पडदा शांत राहतो.

या सातव्या प्रकाराने एका प्रगत राष्ट्रात काय अनर्थ घडवला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. राष्ट्र इंग्लंड, संस्था तेथील पोस्ट ऑफिस आणि आज्ञावलीचे नाव होरायझन. होरायझन म्हणजे क्षितिज. नाव तर सुंदरच होते.

गल्ल्यावर आलेले यंत्र

इंग्लंडमधील बहुतेक डाकघरे पोस्ट ऑफिसचे पगारी नोकर चालवीत नाहीत. गावातील एखादा दुकानदार स्वत:चे भांडवल घालून दुकान घेतो, त्याच्याच एका कोपऱ्यात डाकघराची खिडकी असते आणि त्याला उप-डाकपाल म्हणतात. निवृत्तिवेतन, टपाल तिकिटे, वीजबिले, बँकेचा भरणा असा सगळा व्यवहार त्या खिडकीतून चालतो. आपल्याकडे गावच्या पोस्टमास्तराला जो मान असतो, तसाच मान तेथेही. लोक आपल्या घराची किल्लीसुद्धा विश्वासाने त्याच्याकडे ठेवावीत, असे त्याचे स्थान.

१९९६ साली सरकारी भत्ते वाटण्यासाठी एक कार्ड-योजना आखण्यात आली आणि तिचे काम आयसीएल या कंपनीला मिळाले. जपानच्या फुजित्सूकडे तिची मालकी होती. ती योजना १९९९ मध्ये बारगळली. पण झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून तिचाच उरलेला सांगाडा डाकघरांच्या हिशेबासाठी वापरण्याचे ठरले आणि १९९९-२००० च्या सुमारास हजारो खिडक्यांवर होरायझनची यंत्रे बसली. एका कामासाठी शिवलेला अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर चढवला, तर कोठे ना कोठे तो उसवणारच.

यंत्र येण्यापूर्वी हिशेब कागदावर होता. फरक आला तर वही चाळता येई. यंत्र आल्यावर उप-डाकपालाला दिसू लागली ती फक्त शेवटची बेरीज. ती कशी झाली, कोणत्या नोंदीने झाली, याचा माग काढण्याची साधने त्याच्या हातात पुरेशी राहिली नाहीत. आणि करार असा, की तूट आली तर ती त्याने भरून द्यावी.

आपल्याकडील जुन्या दिवाणजींची येथे आठवण येते. तेरीज जुळली नाही, तर ते प्रथम कोणावर संशय घेत नसत. ते फरकाच्या आकड्याकडे बघत. फरकाला नऊने भाग जातो काय? जात असेल, तर कोठेतरी ६३ चे ३६ झाले असण्याची शक्यता. फरकाचे निम्मे केले, तर तेवढ्याच रकमेची नोंद वहीत सापडते काय? सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली आहे. फरकाएवढीच नोंद दिसते काय? मग ती दोनदा लिहिली गेली किंवा राहून गेली. फरक हा गुन्हेगार नसून साक्षीदार आहे, तो काही सांगू पाहतो आहे, हे त्या पगडीवाल्या माणसांना ठाऊक होते. कोट्यवधी पौंडांच्या आज्ञावलीभोवती बसलेल्यांना ते सुचले नाही.

हॅम्पशायर परगण्यातील साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन नावाची बाई डाकघर चालवी. एके दिवशी सुमारे २,००० पौंडांची तूट दिसली. तिने मदतकक्षाला दूरध्वनी केला. पलीकडून सांगतील त्याप्रमाणे तिने कळा दाबल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. दिवाणजीने हे पाहिले असते, तर दुरुस्तीची नोंद उलट्या बाजूला पडली, ही शंका त्याला पहिल्याप्रथम आली असती. मदतकक्षाने मात्र सांगितले की पैसे भरावे लागतील. तूट वाढत वाढत ३६,००० पौंडांपर्यंत गेली. तिच्यावर चोरीचा आरोप ठेवला गेला. खोटे हिशेब लिहिल्याचे कबूल केले, तर चोरीचा आरोप मागे घेऊ, अशी तडजोड पुढे आली आणि तुरुंगाच्या भीतीने तिने ती मान्य केली. घर गहाण टाकून तिने पैसे भरले; कमी पडले ते गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिले. ज्या गावाचा पैसा तिने चोरला असे सांगितले जात होते, त्याच गावाने तिच्यासाठी झोळी फिरवली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

एक्क्याण्णव दूरध्वनी

ईशान्य किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टन हे गाव आहे. तेथे ली कॅसलटन याने २००३ साली डाकघर घेतले. २००४ च्या आरंभापासून तफावती येऊ लागल्या. त्याने मदतकक्षाला एकूण ९१ वेळा दूरध्वनी केला. चोर असा वागत नाही, हा सामान्य व्यवहारज्ञानाचा भाग आहे. स्वत:च्या चोरीची वर्दी कोणी ९१ वेळा देईल काय? पण हे ९१ दूरध्वनी एकत्र ठेवून पाहणारा कोणी नव्हता. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवी तक्रार, नवा क्रमांक आणि शेवटी तक्रार निकाली काढल्याचा शिक्का.

हिंजवडीत किंवा खराडीत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. तक्रार किती तासांत बंद केली, यावर गुण मिळतात; का उद्भवली हे शोधले, यावर सहसा मिळत नाहीत. 'वापरकर्त्याची चूक' असा शेरा मारला की तक्रार सर्वांत लवकर बंद होते. त्या शेऱ्याच्या पलीकडे एक माणूस असतो.

कॅसलटनवर सुमारे २५,००० पौंडांच्या तुटीसाठी दिवाणी दावा लावण्यात आला. वकील परवडत नसल्याने त्याने स्वत:च बाजू मांडली. २००७ च्या जानेवारीत निकाल विरुद्ध गेला आणि समोरच्या बाजूच्या खर्चापोटी त्याच्यावर ३,२१,००० पौंडांचा बोजा पडला. तो दिवाळखोर झाला. त्याच्या कुटुंबाला गावात चोर म्हणून ओळखू लागले.

वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिस्रा या भारतीय वंशाच्या. ७४,००० पौंडांच्या चोरीचा आरोप त्यांच्यावर होता. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये गिल्डफर्डच्या न्यायालयात खटला चालला आणि नोव्हेंबरमध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वत: आठ आठवड्यांच्या गर्भवती होत्या. चोरी केली नाही, हे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. दुसरे बाळ जन्मले तेव्हा त्यांच्या पायाला पाळत ठेवणारे विद्युत-कडे अडकवलेले होते. बळी पडलेल्यांत भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबे पुष्कळ होती. पोस्ट ऑफिसच्या तपास विभागाच्या एका जुन्या दस्तऐवजात संशयितांचे वंशावरून अपमानास्पद शब्दांत वर्गीकरण केलेले होते, हे २०२३ साली उघडकीला आले आणि संस्थेला क्षमा मागावी लागली. गुजरात-पंजाबातून गेलेला दुकानदार पहाटे पाचला दुकान उघडतो, रात्री अकराला बंद करतो, पै-पै जोडतो. त्याच्यावर चोरीचा डाग लागणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

दोष नेमका कोठे होता?

आता पडद्याच्या पलीकडे जाऊ. दोष एक नव्हता. न्यायालयासमोर पुढे त्यांची मोठी यादीच आली. त्यांतील तीन समजून घेतले, तरी या विषयाचा गाभा ध्यानात येईल.

पहिला दोष स्कॉटलंडमधील फॉलकर्कजवळच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जातो. एका शाखेत दोन-तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीवर एक संगणक. प्रत्येक संगणकाने आपल्या नोंदी इतरांना कळवावयाच्या आणि इतरांच्या आपल्याकडे उतरवून घ्यावयाच्या, अशी रचना होती. एखादे वेळी या देवाणघेवाणीतील कुलूप अडकून बसे. मग एका खिडकीने दुसरीकडे पाठवलेली रक्कम दुसरीला दिसतच नसे. दिसत नाही म्हणून कर्मचारी ती पुन्हा स्वीकारी आणि एकाच रकमेची नोंद दोनदा होई. संगणकाच्या अंतर्गत नोंदवहीत या अडकलेल्या कुलपाची वर्दी उमटत होती. ती फुजित्सूच्या तंत्रज्ञांना वाचता येत होती. ज्याच्या गल्ल्यात तूट येत होती, त्याला ती दिसत नव्हती. त्रुटी-संदेश होता, पण चुकीच्या माणसाच्या दारात पोहोचत होता! हा दोष २००० सालापासून प्रणालीत होता आणि किमान ३० शाखांना त्याचा उपद्रव झाला, असे पुढे निष्पन्न झाले.

दुसरा दोष २०१० चा. होरायझनची नवी आवृत्ती आली होती. महिनाअखेरीस खाते पुढे ओढताना तफावत दिसली आणि कर्मचाऱ्याने एका विशिष्ट टप्प्यावर 'रद्द' ही कळ दाबली, तर ती तफावत पडद्यावरून नाहीशी होई. त्याला वाटे हिशेब जुळला. मध्यवर्ती यंत्रात मात्र जमा आणि खर्च यांचा मेळ बसत नसे. सुमारे ६० शाखांत असे घडले. या दोषावर पोस्ट ऑफिस आणि फुजित्सू यांच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली. तिच्या टिपणात असे नमूद आहे की, शाखेला मेळ न बसल्याची सूचना पडद्यावर मिळणार नाही आणि आपला हिशेब बरोबर आहे असेच तिला वाटेल. ही गोष्ट सर्वत्र कळली, तर प्रणालीवरील विश्वास डळमळेल आणि चालू खटल्यांवर परिणाम होईल, अशी चिंताही त्याच टिपणात आहे. वर्ष २०१०. सीमा मिस्रांचा खटला त्याच वर्षी चालला, हे लक्षात ठेवावे.

तिसऱ्या दोषाची गोष्ट स्कॉटलंडमधीलच डॅलमेलिंग्टन या खेड्याची, २०१५ च्या ऑक्टोबरमधली. मुख्य शाखेतून फिरत्या शाखेसाठी ८,००० पौंडांची थैली नेली. तेथे पोहोचल्यावर थैलीवरील रेघांची खूण वाचून घेतली आणि 'मान्य' ही कळ दाबली. पावती छापली गेली, पण पडदा जागचा हलला नाही. कोणीही करील तेच त्या बाईने केले. तिने कळ पुन्हा दाबली. अशी चार वेळा नोंद झाली. हातात ८,००० पौंड आणि यंत्राच्या मते ३२,०००. म्हणजे २४,००० ची तूट! तपास केला तेव्हा कळले की हा प्रकार पाच वर्षे चालला होता आणि ८८ शाखांत मिळून ११२ वेळा घडला होता.

आज आपल्याकडे भाजीवाल्याला भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवताना चक्र फिरत राहते आणि व्यवहार पूर्ण झाला की नाही ते कळत नाही. अशा वेळी पुन्हा पैसे पाठवू नका, थोडे थांबा, असे आपण एकमेकांना सांगतो. चांगली प्रणाली ही जबाबदारी माणसावर टाकत नाही. प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक दिला आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नोंद नाकारली, की दहा वेळा कळ दाबूनही व्यवहार एकदाच होतो. डॅलमेलिंग्टनच्या थैलीवर तर क्रमांक छापलेलाच होता. तो आधीच स्वीकारला गेला आहे काय, हे यंत्राने तपासले असते, तर प्रश्नच मिटला असता. एका ओळीचे काम होते, असे म्हटले तर तंत्रज्ञ रागावतील. पण फार ओळींचे नव्हते.

दोष असणे हा गुन्हा नाही. निर्दोष आज्ञावली अजून कोणी लिहिलेली नाही. फुजित्सूकडे ज्ञात दोषांची नोंदवही होती, तिच्यात हजारो नोंदी होत्या आणि अशी नोंदवही ठेवणे ही उत्तमच पद्धत आहे. अनर्थ घडला तो पुढे. ही नोंदवही आरोपीच्या वकिलापर्यंत पोहोचली नाही. मदतकक्षाला दूरध्वनी करणाऱ्यांपैकी अनेकांना उत्तर मिळाले की असा त्रास होणारे तुम्ही एकटेच आहात. शेकडो माणसांना हेच सांगितले गेले आणि प्रत्येकाला ते खरे वाटले. शिवाय, शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणालाही हात घालता येत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. फुजित्सूच्या ब्रॅकनेल येथील कार्यालयात २००१ ते २००४ या काळात काम केलेल्या रिचर्ड रोल या तंत्रज्ञाने उघडपणे सांगितले की, तेथे बसून शाखेच्या नोंदींत फेरफार करता येत असत आणि उप-डाकपालाला त्याचा पत्ताही लागत नसे. पुढे न्यायालयात ते खरे ठरले.

कायद्याने यंत्रावर ठेवलेली श्रद्धा

येथे कोणीही विचारील की न्यायालये काय करीत होती? त्याचे उत्तर कायद्याच्या एका बदलात दडलेले आहे. १९८४ च्या इंग्लिश कायद्यातील ६९ व्या कलमानुसार, संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणावयाचा असेल तर संगणक योग्य रीतीने चालत होता हे दाखवावे लागे. हे फार जिकिरीचे आहे, अशी तक्रार झाली. १९९९ साली ते कलम रद्द करण्यात आले आणि विरुद्ध पुरावा नसेल तर संगणक बरोबरच चालत होता, असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही जुनी रीत परत आली. आता विरुद्ध पुरावा आणावयाचा कोणी? खेड्यातील दुकानदाराने. तो असणार कोठे? ब्रॅकनेलच्या नोंदवहीत. ज्या सुमारास होरायझन खिडक्यांवर बसत होते, त्याच सुमारास हे कलम गेले. नियतीने याहून क्रूर मुहूर्त काढला नसता.

त्यात भर अशी, की इंग्लंड-वेल्समध्ये पोस्ट ऑफिस स्वत:च तपास करी आणि स्वत:च फौजदारी खटले भरी. फिर्यादी, तपासनीस आणि यंत्राचा मालक एकच. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवरून ९०० हून अधिक लोकांवर खटले झाले. त्यांतील सुमारे ७०० एकट्या पोस्ट ऑफिसने भरले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण सहज वापरतो. येथे तर मूळ चोरीच झालेली नव्हती.

या सगळ्यात एक माणूस मात्र हटला नाही. वेल्समधील लँडुडनो येथे ॲलन बेट्स याने १९९८ मध्ये दुकान घेतले. होरायझन आल्यावर थोड्याच दिवसांत सुमारे ६,००० पौंडांची तूट दिसली. त्याने पैसे भरले नाहीत. तो छापील पट्ट्यांची भेंडोळी घेऊन बसला, एकेक नोंद पडताळली आणि तुटीचा बराचसा भाग दुहेरी नोंदींमुळे आल्याचे त्याने शोधून काढले. उरलेली रक्कमही, मला साधने द्या म्हणजे शोधतो, असे सांगून त्याने नाकारली. २००३ साली त्याचा करार रद्द झाला आणि घातलेले सुमारे ६५,००० पौंड बुडाले. बेट्सने केले ते साधे होते. आकडा मान्य करण्यापूर्वी त्याने आकड्याचा उगम मागितला. जो हॅमिल्टनसारख्या पुष्कळांनी तूट नसल्याचे दाखवून शाखा दुसऱ्या दिवशी उघडली आणि त्या एका सहीने खोट्या हिशेबाचा आरोप स्वत:वर ओढवून घेतला. त्यांना दोष देता येत नाही. यंत्रच असे रचलेले होते, की हिशेब मान्य केल्याशिवाय ते नव्या कालखंडाचे दार उघडत नसे. तरीही, न पटलेल्या आकड्यावर सही करणे आणि आक्षेप लिहून ठेवणे यांतील अंतर किती मोठे असते, ते येथे दिसून येते.

२००९ च्या मे महिन्यात 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने सात उप-डाकपालांच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातील सभागृहात ही माणसे प्रथमच एकत्र आली. 'तुम्ही एकटेच' हे वाक्य त्या दुपारी खोटे ठरले. एका खोलीत बसून माणसांनी आपापले अनुभव एकमेकांसमोर ठेवले, एवढेच घडले होते. पण दहा वर्षांत कोणत्याही मदतकक्षाला न दिसलेला नमुना त्यांना दिसला. संघटन म्हणजे काय असते, याचे हे बोलके उदाहरण.

पुढची वाट दहा वर्षांची होती. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. न्यायमूर्ती फ्रेझर यांनी १६ डिसेंबर २०१९ रोजी होरायझनच्या दोषांविषयी निकाल दिला. पोस्ट ऑफिसची भूमिका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट असल्याचे सांगण्यासारखी आहे, अशा आशयाचे ताशेरे त्यात आहेत. त्याच महिन्यात ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची तडजोड झाली, परंतु त्यातील फार मोठा वाटा दाव्याच्या खर्चात गेला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांत जो हॅमिल्टन आणि सीमा मिस्रा होत्या. २०२४ च्या जानेवारीत या विषयावरील दूरदर्शन मालिका प्रसारित झाली आणि जे काम वीस वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी झाले नव्हते, ते चार रात्रींत झाले. सारा देश खवळून उठला. मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम पुसून टाकल्या. बेट्स यांना त्याच वर्षी 'सर' ही पदवी मिळाली. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणापायी किमान १३ जणांनी आपले जीवन संपवले असावे, असे त्यात म्हटले आहे. नुकसानभरपाईची रक्कम तोपर्यंत एक अब्ज पौंडांच्या पुढे गेली होती. गेलेली माणसे त्या हिशेबात कोठेच बसत नाहीत.

आपल्या अंगणात

हे सगळे तिकडचे झाले. आपल्याकडे काय? भारतीय डाक विभागाने बचत खात्यांसाठी इन्फोसिसची फिनॅकल ही प्रणाली स्वीकारली आणि ग्रामीण डाकसेवकांच्याही हाती उपकरणे आली. राष्ट्रीयीकृत बँका, जिल्हा बँका, साखर कारखाने, सगळीकडे हिशेब यंत्रावर गेला आहे, आणि तो गेलाच पाहिजे. वहीत खाडाखोड करणाऱ्यांचे दिवस आपण पाहिलेले आहेत. ते परत यावेत असे कोणी म्हणणार नाही.

कायद्याच्या बाबतीत आपली वाट इंग्लंडहून निराळी राहिली, ही समाधानाची गोष्ट. भारतीय पुरावा कायद्यात २००० साली ६५-ब हे कलम आले. संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यावयाचा, तर त्या काळात संगणक योग्य रीतीने चालत होता, अथवा बिघडला असेल तर त्या बिघाडाचा नोंदींवर परिणाम झाला नाही, हे सांगणारे प्रमाणपत्र हवे, असे ते कलम म्हणते. हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे की नाही, यावर दीर्घ वाद चालला. त्याचा निर्णय झाला तो जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या एका खटल्यात. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या ६३ व्या कलमासोबत प्रमाणपत्राचा नमुनाच जोडलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत : एक पुरावा देणाऱ्या पक्षाने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने.

तरतूद चांगली आहे. ती किती उपयोगी ठरेल, हे सही करणाऱ्यावर अवलंबून आहे. बँकेच्या शाखेत ठरलेल्या नमुन्यावर शिक्का उमटतो, व्यवस्थापक सही करतो आणि कागद न्यायालयात जातो. संगणक 'योग्य रीतीने चालत होता' असे लिहिणाऱ्या त्या व्यवस्थापकाने त्या महिन्यातील त्रुटींची नोंदवही उघडून पाहिलेली असते काय? ती कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीच्या कोणत्या मजल्यावर आहे, हे तरी त्याला ठाऊक असते काय? उलटतपासणीत हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आरोपीच्या वकिलाला आहे.

आणि ज्या लेखनिकापासून आरंभ केला, त्याच्यासाठी चार गोष्टी. पडद्यावर ओळ आली की कळ पुन्हा दाबण्याआधी ती ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यावी. आजकाल भ्रमणध्वनीने छायाचित्र घेता येते. तिच्यासोबत क्रमांक असतो, तो सोडू नये, कारण पलीकडच्या तंत्रज्ञाला वाक्यापेक्षा क्रमांकच अधिक सांगतो. वेळ मिनिटासह लिहावी, म्हणजे अंतर्गत नोंदवहीत नेमकी जागा सापडते. त्या आधी काय केले होते, शेजारच्या मेजावर तेच केले तर तीच ओळ येते काय, काल येत होती काय, गेल्या आठवड्यात प्रणालीत काही बदल झाला काय, हेही लिहावे. मदतकक्षाला विचारावे ते लेखी, आणि उत्तर घ्यावे तेही लेखी. ली कॅसलटनने ९१ वेळा जे सांगितले, ते बहुतांशी दूरध्वनीवर सांगितले होते.